चार नंबरचा खुंटा

ऑफिसात त्याला सगळे सावकाश म्हणत. खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. कुणी काहीही विचारलं की तो आधी चष्मा पुसायचा, मग म्हणायचा, सावकाश, बघून सांगतो. आणि खरंच बघून सांगायचा. अशा माणसाला लोक हसतात, पण किल्ल्या त्याच्याच हातात देतात.

सावकाशच्या हातात एक डोंगर दिलेला होता. वस्तीमागचा तो उतार फार पूर्वी एकदा थोडा सरकला होता, तेव्हापासून खात्याने त्यावर लोखंडी खुंटे रोवले होते. प्रत्येक खुंट्यापासून वरच्या पक्क्या कातळापर्यंत तार ताणलेली. खुंटा खाली सरकला की तार ओढली जायची आणि किती ओढली गेली तो आकडा आपसूक ऑफिसच्या कॉम्प्युटरवर येऊन पडायचा. पुढचं काम सावकाशचं. आकडेशास्त्राच्या लोकांची एक प्रोग्रॅमिंगची भाषा असते. तिच्यात तो ते आकडे भरायचा, उन्हाने-थंडीने तार लांबते-आखडते तेवढी दुरुस्ती करायचा आणि दर सोमवारी कागदावर रेघ काढून विभागप्रमुख बाईंच्या टेबलावर ठेवायचा. रेघ आडवी असली म्हणजे डोंगर जागेवर.

यंदा रेघ आडवीच होती.

उताराच्या अगदी पायथ्याशी घरांची एक ओळ होती आणि ओळीतल्या शेवटच्या घरात त्याची थोरली बहीण राहायची. आई लवकर गेली, तेव्हा ताईनेच त्याला अंगाखांद्यावर वाढवलं. आता त्याचे केस पिकले तरी तिच्या लेखी तो बाळ्याच होता. भावोजी शिंपी. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, कापडांचे ढीग आणि तोंडाचा पट्टा, तिन्ही सकाळपासून चालू.

वर्षाच्या सुरुवातीला ताईच्या लेकीने स्वतःच्या घराशेजारी दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. त्या डोंगराखाली नका राहू, इकडे या, म्हणाली. ताईने भावाला विचारलं. त्याने चष्मा पुसला, ऑफिसात जाऊन रेघ बघितली, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितली आणि सांगितलं, राहा, ताई, काही हलत नाहीये. ताईने लेकीला नाही म्हणून कळवलं. शेजारणींनाही सांगून टाकलं, की माझा भाऊ वर राखणीला बसलाय, आपण कशाला जीव टांगणीला लावायचा? ओळीतल्या दोघा-तिघांनी निघायचा विचार केला होता, तेही तिच्या भरवशावर थांबले.

एका रविवारी तो तिच्याकडे जेवायला गेला. हात धुवायला स्वयंपाकघरातून मागे निघाला, तर भावोजी बाहेरून म्हणाले, की मेव्हणे, जपून, आमच्या दारानं संप पुकारलाय. मागचं दार खरंच लागत नव्हतं. वरचा कोपरा चौकटीत अडकून बसत होता. लाकूड फुगलंय, असं भावोजींचं निदान. ताईचं म्हणणं, यांना रंधा मारा म्हणून सांगून माझी जीभ फुगली, लाकडाचं काय घेऊन बसलात. दोघं हसली. तोही हसला. दार हलू नये म्हणून खाली एक लोखंडी खुंटा टेकवला होता. सावकाश वाकला. खुंट्यावर पिवळ्या रंगात चारचा आकडा होता.

"ताई, हा कुठं मिळाला?"

"मागच्या गटारात पडला होता की. झाले बरेच आठवडे. का रे, तुमच्या ऑफिसचा आहे? मग ने बाबा, उगाच चोरीचा आळ नको."

त्याला जेवण गेलं नाही. गेल्या सोमवारच्या कागदावर त्याने स्वतः लिहिलं होतं, खुंटा क्रमांक चार, जागेवर. आणि जागेवरचा तो खुंटा त्याच्या बहिणीच्या दाराला टेकू देऊन उभा होता. ताट अर्धवट सोडून तो उठला. ताईने विचारलं, मीठ कमी आहे का? तो चपला घालून निघाला.

ऑफिसच्या पहारेकऱ्याने फाटक उघडता उघडता टोमणा मारलाच, की सावकाश साहेब, आज घाई? त्याला तो ऐकूही आला नाही.

खुर्चीत बसून त्याने आपला प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. त्या भाषेत तयार केलेल्या वस्तू, म्हणजे तक्ते, याद्या, हिशेब, जपून ठेवायच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे एकच वस्तू एका फायलीत ठेवायची. ती परत उघडताना नाव आपण द्यायचं, हवं ते. दुसरी रीत आळशी माणसाची. टेबलावर असेल-नसेल ते सगळं एका गाठोड्यात बांधायचं. गाठोडं सोडलं की आतली प्रत्येक वस्तू आपापलं जुनं नाव घेऊन बाहेर येते आणि त्या नावाची दुसरी वस्तू आधीच तिथे बसलेली असेल, तर तिला उठवून स्वतः बसते. विचारत नाही, सांगत नाही, पडद्यावर एक अक्षर उमटत नाही.

त्याच्या आधीचे साहेब निवृत्त झाले ते असंच एक गाठोडं मागे ठेवून. फायलीचं नावच ‘सगळं’. तारेच्या दुरुस्त्यांचे आकडे त्यातच होते, म्हणून दर आठवड्याला ती उघडावी लागे. पण आत आणखी एक वस्तू होती. ‘सरक’ नावाचा तक्ता, गेल्या वर्षाच्या प्रत्येक आठवड्याला एक ओळ; दर वर्ष संपलं की सावकाश ते गाठोडं नव्याने बांधून ठेवायचा. यंदाच्या तक्त्याचं नावही सावकाशने ‘सरक’च ठेवलं होतं. साहेबांची पद्धत मोडायची कशाला, म्हणून.

इतकी वर्षं ते खपून गेलं, कारण गाठोडं आधी सुटायचं आणि नवे आकडे नंतर भरले जायचे. नवा येऊन जुन्याला उठवायचा. पण यंदा, वर्ष बदललं तेव्हा, सावकाशने प्रोग्रॅम आवरला होता. पसारा त्याला खपत नसे. महत्त्वाचं काम वर असावं म्हणून नवे आकडे भरायची ओळ त्याने पहिली आणली आणि गाठोडं सोडायची ओळ तिच्याखाली सरकवली. त्या दिवसापासून दर सोमवारी नवा डोंगर यायचा, बसायचा, आणि पुढच्याच क्षणी गेल्या वर्षीचा डोंगर येऊन त्याला उठवायचा. रेघ आडवी होती ती गेल्या वर्षीची; कागदावर ती चालू आठवड्यापर्यंतच काढली जायची, म्हणून फरक दिसला नाही. ताईला राहा म्हणून सांगताना त्याने दोनदा बघून खात्री केली होती, तीही गेल्याच वर्षाची.

त्याने दुरुस्त्यांचे आकडे वेगळे काढले, त्यांची स्वतंत्र फाईल केली, गाठोड्याची ओळ पुसली आणि प्रोग्रॅम चालवला.

प्रत्येक खुंट्याची रेघ डावीकडून निघाली, थोडी आडवी चालली, मग उठू लागली. चार नंबरची मध्येच तुटली होती. बाकीच्या चढत गेल्या आणि शेवटच्या आठवड्यांत तर भिंतीवर पाल चढावी तशा उभ्या. त्याने चष्मा काढला. पुसला मात्र नाही.

बाईंना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत, आणि तेच जास्त वाईट होतं. म्हणाल्या, इतके महिने आडवी रेघ तुम्हीच दिलीत, आज रविवारी उभी देताय. यातली खरी कोणती, हे दुसऱ्या कुणीतरी बघायला नको का? उद्या सकाळी माणसं पाठवते. एका माणसाच्या सांगण्यावर घरांची ओळ रिकामी करता येत नाही. त्यांचं चुकत होतं असं त्याला म्हणता येईना. त्याच्या शब्दाची किंमत त्यानेच घालवली होती.

तो परत ताईकडे आला तेव्हा भावोजी मशीनवर होते. त्याने सांगितलं, निघा, आत्ता. ताईने आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. भावोजी म्हणाले, की मशीन कोण उचलणार, लोकांचे कपडे उद्या द्यायचेत, आणि मेव्हणे, डोंगर काय रविवार बघून येतो का? तो समजावत राहिला. जितकं समजावलं तितका तो त्यांना बाळ्याच वाटत गेला, अंधाराला घाबरणारा. शेवटी तो बोलायचा थांबला, स्वयंपाकघरात गेला, डोंगराकडच्या भिंतीला पाठ लावून खाली बसला.

"हे काय?" ताईने विचारलं.

"राहा म्हणून मी सांगितलं होतं. ते खोटं होतं, ताई. तू इथं राहणार असशील तर मीही इथंच बसतो."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. हा मुलगा लहानपणीही कधी रुसून बसला नव्हता. तिने पदर खोचला.

"अहो, उठा. हा हलायचा नाही, मला माहितेय."

मग ती एकेका दारात गेली. थांबा म्हणून सांगणारी तीच, तेव्हा निघा म्हणूनही तिचंच ऐकलं गेलं. कुणी कुरकुरलं, कुणी तिच्या भावाच्या अकलेचा उद्धार केला, पण निघाले. चौघांनी मिळून मशीन उचललं. भावोजी दम लागलेला असतानाही सूचना देत होते.

सगळे रस्त्याला लागले, तेव्हा ताई थबकली. मागचं दार उघडंच राहिलंय, म्हणाली. घर उघडं टाकून जायला तिचा पाय निघेना. सावकाश नको नको म्हणेपर्यंत ती आत गेली, तोही तिच्यामागे धावला. तिने चार नंबरचा खुंटा बाजूला केला, दाराला खांदा लावायच्या बेताने नुसता हात टेकवला.

दार अलगद मिटलं. कुठे अडकलं नाही, कुरकुरलंसुद्धा नाही.

"बघ," ताई हसून म्हणाली, "झालं की नीट आपोआप."

लाकूड एका दुपारीत आकसत नाही. सरकली होती ती चौकट, आत्ता, ते जेवायला बसले होते त्यानंतर कधीतरी. सावकाशने तिचा हात धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला ओढत, पळत बाहेर काढलं. मागे भिंतीतून बारीक माती गळत होती, चाळणीतून गळावी तशी, एकसारखी.