एक तोंड, एक कार्ड

चीनमधल्या शनयांगला आमच्या विद्यापीठाच्या दोन नंबर कँटीनमध्ये मी अकरा वर्षं हाताने कणकेच्या नूडल्स ओढतोय. एवढ्या वर्षांत शेजारच्या खिडकीतली लू मावशी गप्प बसलेली मी एकदाही पाहिली नाही. कँटीनमधल्या वाढणाऱ्या बायकांचा हात थरथरतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पळी भरून मांसाचे तुकडे निघतात आणि ताटापर्यंत पोहोचेतो निम्मे परत भांड्यात. लू मावशीचा हात थरथरत नाही. त्यावरून कंत्राटदार तिला वर्षातून दोनदा तरी झापतो, आणि ती त्याला सांगते, "म्हातारी झाले की थरथरेल, तोवर दम धर." ती सत्तावन्न वर्षांची आहे.

आमच्याकडे रोकड चालत नाही. खिडकीपुढच्या यंत्राला विद्यापीठाचं कार्ड नाहीतर फोन टेकवायचा, टिंग वाजलं की ताट तुमचं. इथल्या पोरांचं यात काही अडत नाही. परदेशी पोरांची मात्र पहिले दोन-तीन महिने त्रेधा उडते. फोनवरून पैसे द्यायचे तर बँकेत खातं हवं, खात्याला इथला नंबर हवा, नंबराला राहण्याचा परवाना हवा, आणि परवान्याला महिना लागतो. पोट काही महिनाभर थांबत नाही. मग ज्याचं कार्ड चालतं तो टेकवतो आणि बाकीचे ताटं धरून त्याच्यामागे. पुढे ज्याचं त्याचं कार्ड झालं तरी ही सवय सुटत नाही. आज झांबियाचा म्विला टेकवतो, उद्या मंगोलियाची ओयुना. आपापसात ते काय फिटंफिट करतात ते त्यांचं त्यांना ठाऊक.

जानेवारीत परीक्षा संपल्या की चिनी पोरं आमच्या चांद्र नव्या वर्षासाठी घरी पळतात आणि उरतात ती ही परदेशी. वसतिगृहात शेगडी सापडली तर जप्त होते, म्हणून त्यांच्यासाठी आमचं एकटं कँटीन सुट्टीत चालू असतं. मागच्या हिवाळ्यात मात्र व्यवस्थापनाचे पांग साहेब सकाळीच आले आणि म्हणाले, "लू ताई, यंदा सोमवारपासून महिनाभर बंद."

"का म्हणून?"

"यंत्रात दुपारचे एकोणीस जण दिसतात. नियमाने पन्नास लागतात. एकोणीस माणसांसाठी बॉयलर कुठे पेटवत बसू?"

"एकोणीस? अहो, माझे खांदे दुखतात वाढून!"

"यंत्र खोटं बोलत नाही, ताई," असं म्हणून साहेब गेले.

मी मनातून खूश झालो, उगाच खोटं कशाला बोलू? मी इथलाच, दोन स्टॉपवर घर. बायको रोज म्हणते, नव्या वर्षाला तरी घरात दिस. मावशीला मी म्हटलं, "बरंच झालं की, आराम मिळेल." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी कणकेत डोकं घातलं.

त्या दुपारी तिने वाढता वाढता डोकी मोजली. पंचावन्न भरली. आणि मग म्विलाने नेहमीसारखं एकदा कार्ड टेकवून पाच ताटं उचलली.

"थांब," मावशी म्हणाली. पळी वर, रांग जागच्या जागी. "ताटं पाच आणि टिंग एक. हे मागचे चौघे कोण? भुतं?"

"मावशी, आमचं असंच असतं," म्विला म्हणाला. "आज मी, उद्या हा."

"तुमचं असंच असतं म्हणून साहेबांच्या यंत्रात तुम्ही जिवंतच नाही! सोमवारपासून कँटीनला कुलूप. मग चाटा पाकिटातल्या शेवया महिनाभर." तिने पळी रांगेकडे रोखली. "उद्यापासून एक तोंड, एक कार्ड. कळलं?"

अकरा जणांकडे चालणारं कार्डच नव्हतं. मावशीने पासपोर्ट हातात घ्यायला लावले आणि शिफ्ट संपल्यावर बर्फातून सगळ्यांना कार्डाच्या खिडकीवर नेलं. कोंबडीमागून पिल्लं जावीत तशी वरात निघाली. तिथला माणूस म्हणाला, परदेशी विभागाचा शिक्का आणा. परदेशी विभाग म्हणाला, फोटो आणा. मावशीने एकेकाला भिंतीशी उभं करून आपल्याच फोनवर फोटो काढले आणि संध्याकाळच्या आत तात्पुरती अकरा कार्डं घेऊन परत आली. तीन दिवस सगळं सुरळीत चाललं. घोटाळा केला तो ओयुनाने.

पोरगी हुशार आहे, पण जरा जास्तच. तिने सगळ्यांना पढवलं: भाताचं वेगळं टेकवा, बटाट्याचं वेगळं, अंडं-टोमॅटोचं वेगळं, सुपाचं वेगळं. शिवाय सगळ्यांनी तीन-चारदा पुन्हा रांगेत येऊन एकेक उकडलेलं अंडं नेलं. टिंग टिंग ऐकून माझे कान किटले. यंत्रात आकडा आला चारशे बारा.

पांग साहेब धापा टाकत आले. "चारशे बारा? मागच्या खेपेला एकोणीस होते, कालपर्यंत पंचावन्न. मध्येच काय विमान उतरलं?"

मावशीने ओयुनाकडे पाहिलं. ओयुना सूप पिऊ लागली.

"आता यंत्रबिंत्र काही नाही," साहेब म्हणाले. "उद्या मी स्वतः दारात उभा राहतो आणि डोकी मोजतो. पन्नास झाली तर ठीक."

"पोरी," साहेब गेल्यावर मावशी म्हणाली, "मी कार्डं टेकवा म्हटलं होतं. ढोल बडवायला कुणी सांगितलं?" ओयुना रडवेली झाली, तेव्हा मावशीने तिच्या ताटात आणखी एक पळी वाढली. पंचावन्न पोरं होतीच, आम्हाला काळजी नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेब अकरा वाजता वही घेऊन दारात उभे राहिले. साडेबारापर्यंत सत्तेचाळीस झाले. मग एकटा लाओसचा मुलगा आला, अठ्ठेचाळीस. त्यानंतर जिन्यात कुणाचं पाऊल वाजेना.

"म्विला कुठाय?" मावशीने ओयुनाला विचारलं.

"हरबिनला," ओयुना पुटपुटली. "पहाटेच्या गाडीने. सात जण गेलेत, बर्फाचे पुतळे बघायला."

"आजच?"

"तिकिटं आधीच काढली होती, मावशी."

एक वाजायला आला. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मावशी खिडकीतून वाकली आणि माझ्याकडे पळी रोखून म्हणाली, "तुम्ही जेवला नाहीत ना? तुम्ही एक आणि हा थान एक. झाले पन्नास."

"कर्मचारी धरत नाहीत, ताई." साहेबांना हसू आलं होतं, पण मग ते खिडकीशी आले आणि आवाज उतरवून बोलले. "एक सांगू? सहा वर्षं तुम्ही नव्या वर्षाची रजा घेतली नाही. मलाच वाईट वाटतं. आकडा कमी दिसला तेव्हा म्हटलं, चला, यंदा ताईंना सुट्टी मिळेल. घरी जा. निवांत बसा."

"घरी जाऊन काय करू?" मावशी म्हणाली. "भिंतींना वाढू?"

तिचा नवरा जाऊन सात वर्षं झाली. मुलगी ग्वांगझूला, सासर तिकडचं, नव्या वर्षाला ती तिकडेच असते. हे सगळं मला माहीत होतं. अकरा वर्षं तिच्या कोपराला कोपर लावून काम केलं आणि 'बरंच झालं, आराम मिळेल' असं तिला मीच म्हणालो होतो. मला स्वतःची लाज वाटली.

 साहेबांनी एक ताट घेतलं, भात आणि अंडं-टोमॅटो मागितलं, स्वतःचं कार्ड टेकवलं आणि माझ्या खिडकीसमोरच्या टेबलावर बसून जेवले. जेवण झाल्यावर वही उघडली. मी नूडल्स ओढत होतो, तरी मान लांब करून पाहिलंच. त्यांनी पन्नास लिहिलं होतं.

हरबिनवाली टोळी तिसऱ्या दिवशी नाकं लाल करून परतली. मावशीने त्यांना असं काही फैलावर घेतलं की म्विलाने आठवडाभर टेबलं पुसली.

वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी मी बायकोलाही कँटीनमध्ये आणलं. तीच म्हणाली, तू घरात दिसत नाहीस तर मीच येते. पोरांनी सारण भरून जाडजूड, वाकडेतिकडे डंपलिंग वळले, निम्मे पाण्यात फुटले, आणि मावशी फुटलेलेसुद्धा रुबाबात वाढत होती. तेवढ्यात तिच्या एप्रनच्या खिशात फोन वाजला. तिचे हात पिठाने भरलेले, म्हणून मीच तो काढून तिच्या कानाशी धरला. मुलगी होती. आवाज मलाही ऐकू येत होता. "आई, एकटीच बसली आहेस ना गं? मला फार वाईट वाटतंय."

मावशीने पळी भरली आणि पुढचं ताट ओढलं.

"पोरी, नंतर कर फोन," ती म्हणाली. "इथे रांग लागलीय."