भुंग्याला घाव का लागत नाही

बाळकृष्ण राजहंसांनी एकतीस वर्षं चेन्नईत, गिंडीच्या एका छोट्या कारखान्यात तयार माल तपासला. मापाच्या गेजमध्ये पिन नीट बसली तर पास, नाही तर भंगारात. असा माणूस ताटातल्या डोशाकडेही संशयानंच बघणार. “शंभरातले शंभर पास झाले तर समजा, तपासणारा झोपला होता,” हे वाक्य विमलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकलं होतं.

निवृत्तीनंतर नातीनं, कौमुदीनं, त्यांना तिच्या खेळात ओढलं. मैलापूरला तिच्या फ्लॅटवर रविवारी दुपारी मंडळी टेबलाभोवती बसत. कौमुदी गोष्ट सांगायची, राक्षस लढवायची आणि बाकीचे आपापल्या योद्ध्यासाठी फासे टाकायचे. आजोबांचा योद्धा होता एक म्हातारा शिकारी, सोबत भुंग्या नावाचा कुत्रा. नियम असा की कुत्रा मालकाच्या पाळीतच हलणार. त्याला हल्ल्याला पाठवायचं तर मालकानं स्वतःचा वार सोडायचा. आजोबा दर वेळी सोडत.

आता तुम्हीच सांगा! अंगावर चिलखत नाही, उभा सगळ्यांच्या पुढे, आणि तीन महिन्यांत भुंग्याला साधा ओरखडा नाही? कौमुदीचा ऑफिसातला मित्र अमोघ, त्याच्या घोड्याचं तंगडं दोनदा मोडलं. भुंग्या मात्र सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा सुखरूप. पाणी कुठंतरी मुरत होतं. राक्षसाचे फासे कौमुदी उभ्या फायलीआड टाकते, हेही त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

आधी संशय बायकोवर. “तू पोरीला काही सांगितलंस?”

“मला तुमच्या कुत्र्याचं नाव तरी माहीत आहे का?” विमलाबाई फणकारल्या.

मग रविवारी त्यांनी मुद्दाम भुंग्याला एकट्याला राक्षसाच्या पुढ्यात धाडलं. फायलीआड फासा खडखडला.

“चुकला!” कौमुदी म्हणाली.

आजोबांनी सरळ फाईल उचलली. वीस! मोठा आकडा म्हणजे वार लागलाच, आणि याहून मोठा आकडा त्या वीस बाजूंच्या फाशावर नव्हताच.

“किती आठवडे चाललंय हे?”

“पहिल्यापासून,” कौमुदीचा आवाज बारीक झाला. “पत्त्यांचा अड्डा तुम्ही एका हरलेल्या डावापायी सोडलात, आजोबा. भुंग्या मेला तर इथंही यायचं बंद कराल. मग मी मराठीत बोलू कुणाशी?”

आजोबांना राग आला, फार आला. त्यांची कीव करून त्यांना पास केलं होतं!

“वीस म्हणजे वीस. घाव धर.”

भुंग्या कोसळला. आजोबांनी आपली पुढची पाळी त्याला वाचवण्यात घातली. दहा हवे होते, चार पडले.

भुंग्या गेला. कागदावरचा कुत्रा, पण आजोबांना खरोखर रडू येऊ लागलं, आणि त्याची लाजही वाटली. ते उठले. कौमुदीनं दाराकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरले.

आजोबा बेसिनवर तोंड धुऊन परत खुर्चीत बसले.

“कोरा कागद दे. या वेळी मुंगूस हवं मला. आणि फासे इथं, माझ्या डोळ्यांसमोर.”

कौमुदी रडत-हसत कागद शोधू लागली.

“रड नंतर,” ते खेकसले. “आधी मुंगसाला चिलखत चढतं का, ते नियमांच्या पुस्तकात बघ.”