मी लिहिलं होतं, गाडी चालवू नका

ज्या सीटवरून मी उठले, ती सीट मलाच धुवायला लावली.

गाडी पांढरी होती. गाडीचे मालक शेजारी बसले होते, मी चालवत होते. इंजिन तापलं की खालून ठकठक येते अशी त्यांची तक्रार होती. असा आवाज वर्कशॉपमध्ये उभ्या गाडीत सापडत नाही, रस्त्यावर न्यावी लागते. म्हणून कांजूरमार्गहून हायवेला निघालो. मी खिडकी खाली केली, रेडिओ बंद केला आणि कान इंजिनकडे लावला. विक्रोळीच्या पुढे आवाज आला. हलका होता, पण होता.

मालक म्हणाले, "तुम्ही कुठल्या?"

"परभणी जिल्ह्यातली, सर."

"आडनाव?"

मी सांगितलं.

"म्हणजे बुद्धिस्ट ना?"

"हो सर."

वारा फिरला होता आणि कचऱ्याच्या डम्पिंगचा वास गाडीत शिरत होता. कांजूरला राहणाऱ्या कुणालाही तो वास कळतो. त्यांनी नाकाला रुमाल लावला, माझ्याकडे पाहिलं आणि काच वर केली. वास आत कोंडला. वर्कशॉप येईपर्यंत रुमाल तसाच होता.

लाउंजच्या दारात मॅनेजर सर उभे होते. मालक त्यांना म्हणाले, "ड्रायव्हर सीट शॅम्पू करून घ्या. आणि पुढच्या वेळी गाडीला हात लावणारं माणूस जरा बघून देत जा."

"येस सर. सॉरी सर."

मग मॅनेजर सर माझ्याकडे वळले. "बघतेस काय? फोम आण."

मी फोम आणला, ब्रश आणला. सीटचं चामडं अजून गरम होतं, माझ्याच अंगानं. मी ते घासलं, पुसलं, वाळवलं. काचेच्या पलीकडे मालक कॉफी पीत होते. झाल्यावर त्यांना बाहेर बोलावलं. मालकांनी वाकून सीट पाहिली आणि म्हणाले, "ठीक आहे."

मी म्हणाले, "थँक यू सर."

ते दोन शब्द मला अजून झोपू देत नाहीत. सीट घासायला लावली, ते माझ्यावर लादलेलं होतं. थँक यू मी आपणहून म्हणाले.

मला तसंच शिकवलं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी म्हणायचे, शिष्यवृत्ती मिळाली, उपकार विसरू नकोस. कॉलेजात क्लार्क म्हणायचा, सवलत मिळाली ना, मग जास्त बोलू नको. घराण्यातली पहिली पदवी माझी, मेकॅनिकल इंजिनिअरिंगची. गावात सत्कार झाला. शाल, नारळ, फोटो. मी सगळ्यांच्या पाया पडले. मुंबईत या मोठ्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली, तेव्हा मॅनेजर सरांनाही वाकून नमस्कार केला. ते हसले होते. "हे बघ, इथं असं चालत नाही." पण त्यांना आवडलं होतं.

खरं सांगायचं तर प्रेम माझं त्या इंजिनवर होतं. तीन लिटरचं डिझेल, व्ही आकारात मांडलेले सहा सिलिंडर, दोन टर्बो. सहाशे न्यूटन मीटर टॉर्क. अडीच टनांची गाडी सिग्नलवरून अशी उचलते की आत बसलेल्याच्या कपातला चहा हलत नाही. पुस्तिकेतला प्रत्येक आकडा मला पाठ होता. लहानपणी मी फक्त पाणी उपसायची डिझेल इंजिनं पाहिली होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, तालुक्याच्या गावी पंपाच्या दुकानात मदतनीस होते. एका सिलिंडरचं इंजिन, पट्टा आणि काळा धूर. त्या धुरातून निघून मी इथवर आले, याचं मला कौतुक होतं.

पण या इंजिनचं एक दुखणं आहे. धुरातली काजळी अडवायला त्याला एक जाळी असते. जाळी भरली की इंजिन जादा डिझेल सोडून ती काजळी जाळतं. त्यासाठी गाडी लांब पळावी लागते. हे मालक मुलुंडच्या टॉवरमधून जिमला जायचे, जिममधून क्लबला. दोन किलोमीटर, तीन किलोमीटर, की गाडी बंद. काजळी जळणं दर वेळी अर्ध्यावर राहायचं आणि ते जादा डिझेल हळूहळू ऑइलमध्ये उतरायचं. ऑइल पातळ होतं. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, ज्या बेअरिंगवर फिरतो, तिथं ऑइलचा केसाहून बारीक थर असतो. सगळं इंजिन त्या थरावर उभं असतं. तो फाटला की लोखंडावर लोखंड घासतं.

ऑइल मोजायची पट्टीसुद्धा या गाडीत नाही. स्क्रीनवर पाहायचं. स्क्रीन म्हणत होती, ऑइल फुल. फुलच असणार, डिझेल येऊन पातळी वाढली होती. स्क्रीनला फक्त उंची कळते.

सीट वाळल्यावर मी नळी घालून थोडं ऑइल काढलं. अण्णांची एक रीत होती. वर्तमानपत्राची कडेची कोरी पट्टी फाडायची, तिच्यावर ऑइलचा एक थेंब सोडायचा आणि थांबायचं. चांगलं ऑइल जागेवर बसतं. डिझेल मिसळलं असेल तर काळ्या ठिपक्याभोवती फिकट पिवळं कडं पसरत जातं. मग अण्णा त्या पट्टीवर पेन्सिलीनं तारीख आणि गिऱ्हाइकाचं नाव घालून ती खिळ्याला टोचून ठेवायचे. दुकानातला तो खिळा कागदांनी फुगलेला असायचा.

मी थेंब सोडला. कडं पसरलं, पसरत पट्टीच्या काठापर्यंत गेलं. मी गाडीचा नंबर लिहिला, किलोमीटर लिहिले, तारीख घातली आणि पट्टी लॉकरमध्ये ठेवली. जॉबकार्डावर लिहिलं: ऑइलमध्ये डिझेल मिसळलं आहे. बेअरिंग तपासल्याशिवाय गाडी चालवू नका.

परब मामा आमचे सगळ्यांत जुने मेकॅनिक, दहिसरला राहणारे, मूळचे मालवणकडचे. त्यांनी गाडीखाली कान लावून ऐकलं आणि मान हलवली. "बरोबर आसा तुझा."

मॅनेजर सरांनी ती ओळ वाचली. पेन काढलं आणि खोडली.

मी म्हणाले, "सर, बेअरिंग जाईल."

"स्क्रीन काय म्हणतेय? फुल. सर्व्हिसला अजून वेळ आहे. इंजिन उघडायचं म्हटलं तर गाडी दहा दिवस अडकेल. आणि कोणाचं नाव सांगू त्यांना? तुझं? त्यांना आधीच तू नको झालीयेस."

सॉफ्टवेअर अपडेट करून गाडी दुसऱ्या दिवशी परत दिली. मी गेटपर्यंत पाहत राहिले. काही बोलले नाही. तेही माझ्याच खात्यावर आहे.

दोन आठवड्यांच्या आत ती गाडी हायवेवर बंद पडली. क्रँकशाफ्ट तुटला होता. भर वेगात, मधल्या लेनमध्ये. चालवत होती मालकांची मुलगी, माझ्याच वयाची. मागच्या डंपरवाल्यानं कसाबसा ब्रेक दाबला. ती वाचली. टो करून गाडी आली, तेव्हा ती मुलगी रिसेप्शनवर बसून होती. मी पाणी दिलं. तिनं घेतलं आणि प्यायली. तिनं मला काही विचारलं नाही.

इंजिन उघडलं. ऑइल खुणेच्या वर निघालं. त्यावरून मॅनेजर सरांनी पत्र टाइप केलं. "आवश्यकता नसताना, कोणाच्याही सूचनेशिवाय, मी इंजिनमध्ये जास्त ऑइल भरले. झालेल्या नुकसानीस माझा निष्काळजीपणा कारणीभूत आहे." खाली माझं नाव, आडनावासकट. सहीची जागा मोकळी.

मॅनेजर सर म्हणाले, "सही कर. तुला वॉशिंगला टाकतो, नोकरी राहील. नाही केलीस तर आजच बाहेर आणि अनुभवाचं पत्र विसर. तुम्हा लोकांना संधी दिली की हे असं होतं."

मी एक दिवस मागितला.

परब मामांना विचारलं, तुम्ही आवाज ऐकलात, माझ्या बाजूनं सांगाल का? ते बुटांकडे बघत राहिले. "सही करून टाक गो बाय. पोट आसा पाठीमागे. माझी रिटायर होवक दोन वर्षां रवलीत." मला त्यांचा राग आला नाही. भीती वाटली. वीस वर्षांनी मीही अशीच बुटांकडे बघत असेन.

घरी फोन केला. आई म्हणाली, सही केली तर पगार चालू राहतो ना, मग? गावात काय सांगायचं? अण्णांनी फोन घेतला. मी सगळं सांगितलं, सीटचं सोडून. ते म्हणाले, "कागद ठिवलास का?"

"ठेवला."

मग म्हणाले, "एकदा पाटलाच्या मळ्यातलं इंजिन जळालं व्हतं. दुकानाच्या मालकानं माझ्यावर ढकललं. मी कान धरले समद्यांसमोर."

"अण्णा, कागद होता ना खिळ्याला?"

"व्हता."

"मग दाखवला का नाही?"

"कुणी इचारलंच नाही, बाई."

दुकान बंद होईपर्यंत ते थेंब टिपत राहिले, तारखा घालत राहिले. कुणीतरी विचारेल म्हणून. मी फोन ठेवला आणि भिंतीला टेकून बसले. रडू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी लाउंजमध्ये बोलावलं. मालक नाकाला रुमाल लावून सोफ्यावर होते. सुवासिक फवारा मारलेला होता, तरी त्यातून डम्पिंगचा वास येतच होता. मॅनेजर सरांनी पेन पुढे केलं.

मी पत्र उलटं केलं. मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: ऑइलमध्ये डिझेल मिसळलं होतं. बेअरिंग तपासल्याशिवाय गाडी चालवू नका, असं मी जॉबकार्डावर लिहिलं होतं. ते खोडण्यात आलं. त्याखाली पूर्ण नाव लिहून सही केली. मोबाइलवर फोटो काढला.

"हे काय आहे?" मॅनेजर सर म्हणाले.

मालक म्हणाले, "आवाज वाढलाय हिचा."

मी एक शब्दही बोलले नव्हते. तेव्हा बोलले. "सर, त्या दिवशी तुम्ही सीट धुवायला सांगितलीत. इंजिन उघडायला सांगितलं असतंत, तर तुमची मुलगी त्या डंपरपुढे अडकली नसती."

ते उठले नाहीत, ओरडले नाहीत. रुमाल मात्र नाकावरून खाली आला. मॅनेजर सरांनी पत्र फाडलं. गार्डनं माझा लॉकर उघडून बॅग तपासली, स्पॅनर चोरले का म्हणून. वर्तमानपत्राची पट्टी त्याला कचरा वाटली. "ही घे," म्हणाला.

आता दोन महिने झाले. अनुभवाचं पत्र नाही. दोन वर्कशॉपनी आधीच्या ठिकाणी फोन लावला आणि मला परत बोलावलं नाही. नाहूरच्या खोलीवर आम्ही तिघी राहतो. बाकी दोघी कामाला गेल्या की मी पुस्तिका उघडते आणि आकडे वाचते. सहाशे न्यूटन मीटर. पुढचे वाचवत नाहीत. आईला अजून खरं सांगितलेलं नाही. तिला वाटतं, पगार उशिरा होतोय.

विम्याचा सर्व्हेअर ते तुटलेलं इंजिन तपासतोय, हे परब मामांनी फोन करून सांगितलं. कार्यालयाचा पत्ताही दिला. "माझा नाव घेव नको," म्हणाले. सोमवारी मी तिथं जाणार आहे. मला कुणी बोलावलेलं नाही. पट्टी आणि फोटो टेबलावर ठेवणार आहे. विचारलं तर दाखवीन, नाही विचारलं तरी दाखवीन.

आणि उद्या दहिसरच्या एका गॅरेजात मुलाखत आहे. तिथंही आडनाव विचारतील. सांगेन. नोकरी दिली तर काम करीन, थँक यू म्हणणार नाही. त्यांच्या गाडीच्या ऑइलमध्ये डिझेल निघालं, तर तेही लिहीन. कुणी खोडलं, तर खालच्या ओळीत पुन्हा लिहीन.