अक्काची कानवात

अक्का गेल्याची तार उमरग्याला मी शिकवते त्या शाळेत आली, तेव्हा शिपाई दारातून हाका मारत होता म्हणे. तो माझ्या डाव्या अंगाला होता, मला ऐकूच गेलं नाही. शेवटी मुलींनी बोट दाखवलं... त्याला आता सव्वा महिना झाला. माझ्या थोरल्या बहिणीबद्दल गोड गोड लिहायला बसले होते, पण अक्का गोड नव्हती, आणि खोटं लिहिलेलं तिला खपलं नसतं.

संस्थान विलीन झालं, तालुक्याला डॉक्टर आले, तरी आमच्या जळकोटात ठणकता कान आधी गावातच दिलेल्या अक्काच्या ओसरीवर यायचा. जुनेराची पट्टी ती चरख्याच्या चातीवर तिरपी गुंडाळायची, मधाच्या पोळ्याच्या पातळ केलेल्या मेणात बुडवायची आणि गार झाली की अलगद ओढून काढायची. झाली वीतभर पोकळ वात, एका टोकाला निमुळती. माणसाला कुशीवर निजवायचं, मेण गालावर सांडू नये म्हणून मधोमध भोक पाडलेली भाकरी कानावर ठेवायची, त्या भोकातून वातीचं निमुळतं टोक कानात धरायचं आणि वरचं पेटवायचं. बोटभर उरली की विझवून उलगडायची. आत पिवळी भुकटी. "बघा, किती घाण निघाली!" लोक हात जोडत. तिचा एकच नेम होता, ज्याचा कान त्याचंच धुऊन मऊ झालेलं जुनेर.

लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला मी माहेरी आले आणि सणादिवशीच माझा डावा कान ठणकायला लागला. पंचमीला चिरायचं नाही, फाडायचं नाही, तवा ठेवायचा नाही. म्हणून अक्कानं माझं लुगडं फाडलं नाही. कापून ठेवलेली कोऱ्या मांजरपाटाची पट्टी घेतली. भाकरीही आदल्या दिवशीची, तडे गेलेली.

"अक्का, उद्या करू की."

"तवर रडत बसतीस का? गप पड, हलू नकोस."

खळ न गेलेलं कोरं कापड मेण पीत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? वर तडतडलं, भडका झाला आणि पोकळीतून उकळतं मेण सरळ कानात उतरलं. माझी किंकाळी मी एकाच कानानं ऐकली. आई "नागाचा कोप, नागाचा कोप" करत बसली. ती भाकरी कुत्र्यासमोर टाकली, तर त्यानं हुंगली आणि मागं सरला. अक्का मात्र वात उलगडून बसली होती. आत रोजच्याइतकीच भुकटी. त्या दिवशी तिनं ती कुणाला दाखवली नाही.

सोलापूरच्या डॉक्टरांनी पडदा गेल्याचं सांगितलं. दोन वर्षं मी रागानं जळकोटला पाऊल टाकलं नाही. मग गेले, तर अक्कानं वाती सोडल्या होत्या. कुणी अडून बसलं की म्हणायची, "मेण मिळंना." माझ्या मात्र नेहमी डाव्या हाताला बसायची आणि कानाशी तोंड आणून पुटपुटायची. एकदा चिडून म्हटलं, "अक्का, त्या कानानं ऐकू येत न्हाय." "व्हय, ठावं हाय मला," म्हणाली, आणि जागची हलली नाही. शेवटच्या भेटीतही, मोटारीत चढताना, तिचा गरम श्वास डाव्या कानाला लागला. मी विचारलं नाही... विचारायला हवं होतं.

दिवसकार्य झाल्यावर भाचीनं अक्काची पत्र्याची पेटी उघडली. चातीशेजारी एका फडक्यात वातींची सात-आठ थोटकं, सगळी उलगडलेली, सगळ्यांत तीच पिवळी भुकटी.

"ह्या कुणाच्या कानातल्या?" मी विचारलं.

"कुणाच्याच न्हाईत, मावशी. तुमचा कान गेल्यावर आई एकलीच बसायची. रिकाम्या तांब्यात उभ्या करून जाळायची आन् उलगडून बघत बसायची."

रिकाम्या तांब्यातूनही तेवढीच घाण निघाली होती. ती कानातली नव्हतीच कधी, वातीचीच होती. अक्काला हे कळलं होतं, आणि सांगायला तिला साऱ्या जगात माझा एक मेलेला कान सापडला.

चाती मी उमरग्याला आणली आहे. वह्या तपासायला बसते, तेव्हा ती टेबलावर ठेवते, डाव्या हाताला.