राजाची उडी

आमच्या धुळ्याच्या घरात रविवारी सकाळी अंघोळीआधी बुद्धिबळाचं कोडं सुटायचं. पेपरच्या पुरवणीत पटाचं चित्र यायचं आणि खाली एकच ओळ: पांढऱ्याची खेळी, दोन चालींत मात. पट मांडायचा नाही, नुसतं बघून सोडवायचं, हा नानांचा नियम. नाना म्हणजे माझे वडील, गल्लीतल्या डॉक्टरांकडे कंपाउंडर. आम्ही दोघं वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर उत्तर लिहायचो. माझं चुकलं की ते दिवसभर चिडवायचे, "कॉलेजात काय भजी तळायला जातेस?"

त्या रविवारी त्यांच्या चिठ्ठीवर होतं: राजा घोड्याच्या चालीने बाजूला, मागच्या हत्तीचा शह. मी खो खो हसले.

"नाना, राजा कधीपासून उड्या मारायला लागला?"

"शह बसलेला नसला की एकदा मारतोच," ते शांतपणे म्हणाले.

पिंपळनेरकडच्या त्यांच्या गावात लहानपणी असंच खेळत, हे खरं. देशी डावात राजाला अशी एक उडी असे. पण धुळ्याला आल्यावर ते नवे नियम शिकले आणि मला शिकवले तेही नवेच. मी आठवण करून दिली, तर मीच लबाडी करतेय असं त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझं हसू तिथेच थांबलं.

दुपारी भांडी घासताना एकदम सुचलं: नवे नियम विसरले, तर त्यांच्यासोबत शिकलेलं आणखी काय विसरले असतील? नव्या नियमांच्याच सुमारास नाना मिलिलिटर शिकले होते. त्याआधी सगळं ड्राम या जुन्या इंग्रजी परिमाणाच्या काचेच्या मापावर चालायचं. डॉक्टर चिठ्ठीवर नुसता आकडा लिहीत. चार म्हणजे चार मिलिलिटर. ड्रामने मोजलं तर जवळजवळ चौपट, आणि खोकल्याच्या त्या औषधाने गुंगी यायची.

मी आईला सांगितलं. "खेळात चुकले म्हणून कामात चुकतील होय?" ती म्हणाली. मलाही तेच ऐकायचं होतं. नानांना गल्लीत मान होता, मला त्यांचा गर्व होता, आणि डॉक्टरांना जाऊन सांगायचं तरी काय, राजाने उडी मारली? मी गप्प बसले. आठ दिवस रोज संध्याकाळी ते घरी आले की मी त्यांचा चेहरा निरखायचे. ते अगदी मजेत असत. त्याचीच मला भीती वाटे.

पुढच्या सोमवारी त्यांचा डबा घेऊन मी दवाखान्यात गेले. औषधाच्या टेबलावर जुनं ड्रामचं माप होतं, धुऊन पुसून लख्ख. कडेवर तापलेलं पोर घेतलेली एक बाई बाटली पिशवीत टाकत होती. मी ती हिसकावून घेतली.

"ओ बाई, मना पोऱ्यानं औषध शे ते!" ती ओरडली.

डॉक्टर बाहेर आले. मी मापाकडे बोट दाखवलं. त्यांनी ते उचललं.

"नाना, हे शनिवारपर्यंत कपाटात होतं ना? आज याने मोजलंत?"

"मग कशाने मोजणार?"

डॉक्टरांनी ती बाटली मोरीत ओतली. नाना बघत राहिले. कुठेतरी त्यांना उमगलं असावं, कारण ते एकदम खाली बसले आणि विचारलं, "आज सकाळपासून किती गेल्या?"

वही काढली. डॉक्टर स्कूटरवर आणि मी सायकलवर, आम्ही दारोदार फिरलो. बाटल्या परत मिळाल्या. दोन मुलं दिवसभर झोपून होती, ती संध्याकाळी उठली. एक बाटली तेवढी राहिली. नानांच्या सुंदर अक्षरात वहीत नुसतं लिहिलेलं होतं: बाई, खेड्यावरची, मूल दोन वर्षांचं. एसटी स्टँडवर पोचेपर्यंत गाड्या सुटून गेल्या होत्या.

ती बाई पुन्हा दवाखान्यात आली नाही. नानाही नंतर कामावर गेले नाहीत. पुढे ते माझं नाव विसरले, आईला परकी समजू लागले, पण दारात कुणी आलं की विचारत, "ती आली का गं? पोर कसंय तिचं?"

"बरं आहे, नाना," मी सांगायचे. मला आठ दिवस आधी माहीत होतं, हे मात्र त्यांना सांगायचं धाडस झालं नाही.