डिअर का डार्लिंग?

बायांनो, आज सकाळचीच गोष्ट. आमचे हे हैदराबादेत इंग्रज साहेबाच्या कचेरीत असतात. कालच केदारखेड्याला घरी आले. मी चहा दिला तर म्हणाले, "डार्लिंग, बस ना."

मी विचारलं, "डार्लिंग कोण?"

हे हसले. "अगं, लाडाचा शब्द हाय. साहेब मडमेला म्हणतो. डिअर बी चालतं, पण ते जरा लांबचं वाटतं. तुला काय म्हणू?"

"दोन्ही नको. माझं नाव घ्या."

सासूबाई जवळ न्हाईत हे त्यांनी बघितलं. लाजले, अडखळले, मंग हळूच म्हणाले, "गोदावरी."

लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच! जीव सुखावला. पण डार्लिंग म्हणताना ते बिलकुल अडखळले न्हाईत. ही सवय कुठं लागली असंल? तुम्हीच सांगा.