वाफेच्या मशीनचा शेजारधर्म

आमच्या ह्यांना त्या वर्षी झालेली सर्दी ही संपूर्णपणे माझी निर्मिती होती.

ह्यांची सगळी नोकरी मानपाड्याच्या बाजूला, रंगाच्या कारखान्यात. निवृत्त होताना कंपनीने भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि कारखान्याने सीओपीडी. म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आखडलेल्या. एक जिना चढले की ह्यांचं बोलणं हप्त्याहप्त्याने यायचं. (भांडणात हे फार सोयीचं पडतं. दोन हप्त्यांच्या मध्ये मला माझं पूर्ण म्हणणं मांडता येतं.) डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "काकू, तुम्हाला सर्दी म्हणजे दोन रुमाल. काकांना सर्दी म्हणजे सरळ हॉस्पिटल. घरात इन्फेक्शन येऊ द्यायचं नाही."

घरात कोणाला येऊ न देणं हे मला जन्मतःच जमतं. त्यातून मी तेव्हा नुकतीच आजी झाले होते, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. लेकीला, अमृताला, मुलगी झाली होती. तिची डॉक्टर ठाण्याची, म्हणून बाळंतपण सासरीच झालं आणि बारसंही तिथेच ठरलं. ह्यांची एकच इच्छा, नात मांडीवर घ्यायची. आणि अमृताने फोनवर सांगून टाकलं होतं, बाबांना जरा जरी सर्दी-खोकला दिसला तर आणायचं नाही. बाळालाही त्रास, बाबांनाही.

झालं! मी डोंबिवलीतल्या त्या दोन खोल्यांचा किल्ला केला. दूधवाल्याने पिशवी कडीला अडकवून पळायचं. पेपर उन्हात वाळवल्याशिवाय आत नाही. भिशीच्या बायकांना मी फोनवरूनच हातभर अंतरावर ठेवलं. धाकटे दीर कल्याणहून भावाला भेटायला आले आणि दारातच शिंकले.

"वहिनी, मिसळ खाऊन आलोय. तिखट चढलंय नाकात."

"भाऊजी, तिखट असलं तरी जिन्यातच."

बिचारे पायरीवर बसून चहा प्यायले आणि सख्ख्या भावाला जाळीच्या दारातून हात हलवून गेले.

आता मशीनचं सांगते. ह्यांना रोज औषधाची वाफ घ्यायला नेब्युलायझर होता. एक डबा, त्याला नळी, नळीला औषधाची इवलीशी वाटी आणि तिच्यावर नाकातोंडाला बसणारा मास्क. अख्ख्या इमारतीत असं मशीन फक्त आमच्याकडे. पूर्वी पहिला फ्रिज घेणाऱ्या बाईला जो मान मिळायचा, तो आता मला होता, आणि मी तो पुरेपूर उपभोगत होते.

समोरच्या मोरेवहिनी नातवाला कडेवर घेऊन आल्या. त्याचं नाक नळासारखं वाहत होतं. मी दार धरून उभी.

"अहो, आत नाही येत मी," त्या म्हणाल्या. "मशीन तेवढं द्या. पार्थला वाफ द्यायला सांगितलीय."

आत येत नव्हत्या, म्हणजे माझा नियम मोडत नव्हता. दिलं. मग वरच्या मजल्यावर गेलं, मग तळमजल्यावर. ज्यांना मी उंबरठा ओलांडू देत नव्हते, त्या सगळ्यांच्या नाकांवर ह्यांचा मास्क जाऊन बसत होता आणि संध्याकाळी परत ह्यांच्या नाकावर येत होता. मी मध्ये पदराने पुसायचे. (पदर स्वच्छ असायचा. सकाळपासून फक्त हात, पातेली आणि चष्माच पुसलेला असायचा.) शेजारणीही रीतीच्या. रिकामं कसं परत करायचं म्हणून एकीने मास्कमध्ये दोन बेसनाचे लाडू ठेवून पाठवले! मास्क वाटीसारखाच असतो, बसले छान.

"आज वाफेला ओव्याचा वास का येतोय?" एकदा ह्यांनी विचारलं.

"पचनाला बरा," मी म्हटलं. कोणीतरी वाटीत ओव्याचं पाणी घातलं होतं, हे मला नंतर कळलं.

आणि बारसं तोंडावर आलेलं असताना हे शिंकले. मी तडक दिरांना फोन लावून त्यांच्या मिसळीचा उद्धार केला. पेपरवाला बदलायची धमकी दिली. तोवर ह्यांची छाती घरघरायला लागली. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

"घरात कोणाला सर्दी?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे! कोणाला आत येऊच देत नाही मी."

"मशीन दुसरं कोणी वापरत नाही ना?"

मी पंख्याकडे बघायला लागले. तेवढ्यात बाहेरच्या बाकावरून, पार्थला मांडीवर घेऊन बसलेल्या मोरेवहिनींनी आत डोकावून सांगितलं, "डॉक्टर, ह्यांच्या मशीनने आमच्या पार्थला काय गुण आलाय! अख्खी इमारत नाव काढतेय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मास्क आणि वाटी म्हणजे दात घासायचा ब्रश समजा, म्हणाले. ज्याचा त्याचा. दर वेळी साबणाच्या पाण्याने धुवायचं, नीट वाळवायचं, आणि लिहून दिलेल्या औषधाशिवाय त्यात थेंबही घालायचा नाही. लाडवांचं मी सांगितलंच नाही. नवा मास्क, गोळ्या, आणि बारशाचं नंतर बघू.

परतताना रिक्षात हे म्हणाले, "नात... मी... फोटोतच बघायची का?"

त्या दोन हप्त्यांच्या मध्ये मला एक शब्द सुचला नाही.

अमृताने मात्र बारसंच पुढे ढकललं. सासरी कारण दिलं, की हॉल मिळत नाही. (बारसं घरातच होतं.) ह्यांची छाती मोकळी झाली, डॉक्टर हो म्हणाले, आणि ह्यांनी हात धुऊन, तोंडाला मास्क लावून नात मांडीवर घेतली. ती ह्यांचं बोट धरून झोपली. मला जरा डोळे पुसावे लागले. रुमालाने. पदराची सवय मी सोडली होती.

अशा भरल्या क्षणी विहीणबाई शेजारी येऊन बसल्या.

"तुमच्याकडे ते वाफेचं मशीन आहे ना? माझ्या भावाला फार खोकला झालाय, म्हणून तो आलाच नाही. चार दिवस द्याल?"

मशीन मागणाऱ्या कोणाला मी आजवर नाही म्हटलं नव्हतं, आणि ही तर लेकीची सासू. पण मी छाती पुढे काढली. "दिलं असतं हो, पण बिघडलंय."

"कुठे बिघडलंय?" ह्यांनी मान वर केली. "सकाळी निघताना तर घेतली मी वाफ, उत्तम चालतंय."

हे एवढं सगळं, एका दमात! औषध लागू पडल्याची माझी खात्री पटली, आणि मी खोटारडी असल्याची विहीणबाईंची.